जिल्हा परिषदेच्या शाळेतली तिसरी: दहा महिन्यांचा अनुभव

जून 2024 मध्ये लेकीला तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून काढून गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला घातलं, तेव्हा सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आता वर्ष संपलंय, प्रगतिपुस्तक घरी आलंय. असाच निर्णय घ्यायच्या विचारात असलेल्या बऱ्याच जणी मला विचारतात, म्हणून जे पाहिलं ते सगळं लिहिते.

आमची शाळा सातारा जिल्ह्यातली, द्विशिक्षकी. पहिली ते चौथी मिळून 31 मुलं, एक सर आणि एक बाई.

पहिले तीन महिने जड गेले, ते गणितात. बाईंनी "सत्तेचाळीस" म्हटलं की ही 74 लिहायची. इंग्रजीत चाळीस आधी येतात आणि सात नंतर, आपल्याकडे सात आधी बोलायचे आणि लिहायचे मात्र शेवटी. त्यात एकोणपन्नास, एकोणसाठ ऐकले की डोळ्यांत पाणीच. बाईंनी पाढे घोकायला लावले नाहीत. झाडूच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून दिले, वर रबर. चार गठ्ठे आणि सात सुट्या काड्या मांडायच्या, आधी "चाळीस सात" म्हणायचं, मग "सत्तेचाळीस". आणि एकोणपन्नास कसं? पाच गठ्ठे मांडायचे, एक सोडायचा आणि त्यातली एक काडी काढून घ्यायची. "एक उणे पन्नास," असं ती स्वतःच ओरडली, त्या दिवशी घरी येऊन मलाही मांडून दाखवलं. तीस वर्षं एकोणपन्नास म्हणतेय, पण त्यातलं "उणे" मला तेव्हा ऐकू आलं.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससोबत "वीस एक" असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकरांच्या गणित समितीने त्यामागचं कारण पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. मीही तेव्हा नाक मुरडलं होतं. आता माझ्याच पोरीला त्याच वाटेने शिकताना पाहिलं आणि मत पूर्ण बदललं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिचा गोंधळ संपला.

पुस्तकांबद्दल. सगळे विषय एकत्र आणि वर्षाचे चार भाग, त्यामुळे दप्तरात एका वेळी एकच पुस्तक. आधीच्या शाळेत पोरगी दप्तराने वाकायची, ते थांबलं. त्रास एवढाच, की उजळणीला मागचा भाग लागतो तेव्हा तो घरी असतो. धड्यांमागे जोडलेली कोरी पानं आमच्याकडे अर्धी चित्रांनी भरली आणि अर्धी तशीच राहिली. 2025-26 पासून ती काढायचं ठरलं, ते बरं झालं.

आता शनिवार. मार्च 2024 मध्ये शासनाने पहिली ते आठवीसाठी "आनंददायी शनिवार" सुरू केला. योग, ध्यान, रस्त्यावरची सुरक्षा, पैशांचा व्यवहार, कृतीचे खेळ असं त्यात आहे. कागदावर चांगलं दिसणाऱ्या गोष्टी गावात पोचेपर्यंत विरतात, म्हणून मी फार आशा धरली नव्हती. इथे मात्र तो मनापासून होतो. पावसाळ्यात परसबाग केली: कोथिंबीर, मेथी, दोन शेवगे, कढीपत्ता. मेथी पोषण आहाराच्या आमटीत पडली त्या दिवशी घरी भाजी टाकून देणारी माझी लेक दोनदा वाढून घेऊन आली.

जानेवारीत मुलांचा आठवडी बाजार भरला. हिने गोणपाटावर पावटा, लिंबं आणि कोथिंबीर मांडली होती. एका आजींचे झाले 26 रुपये, त्यांनी पन्नासची नोट दिली. मी मदतीला पुढे होणार, तेवढ्यात बाईंनी डोळ्यांनीच थांबवलं. पोरीने चार रुपये आजींच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "हे झाले तीस." मग दहाच्या दोन नोटा: "चाळीस, पन्नास." वजाबाकी तिने केलीच नाही, पुढे मोजत गेली. आमच्या गावचा किराणावालाही असंच करतो. हे तिला वहीत कुणी शिकवलं नव्हतं, काड्यांनी आणि शनिवारांनी शिकवलं. जादा उपक्रम आणि अभ्यासक्रम वेगळे नसतात असं मी म्हणते, ते या बाजारामुळे.

आधीच्या शाळेतही उपक्रम होते. रोबोटिक्स, अबॅकस, स्केटिंग, प्रत्येकाची फी वेगळी. त्यातलं काही वर्गातल्या धड्याला येऊन मिळालं नाही.

वाचन मी स्वतः मोबाइलवर वेळ लावून मोजलं. मुलांना लिहिता-वाचता आणि मोजता यावं म्हणून केंद्र सरकारने चालवलेल्या निपुण भारत मोहिमेत तिसरीअखेर अनोळखी मजकूर मिनिटाला किमान 60 शब्द, तोही समजून, असं उद्दिष्ट आहे. जूनमध्ये मराठीत ती 22 वर होती, जोडाक्षर आलं की अडायची. मार्चअखेर 71. वर्गात दोरीला टांगलेली गोष्टींची पुस्तकं ती हवं तेव्हा काढून घेते, यात त्यांचा मोठा वाटा आहे.

आता जे खटकलं ते. सर्वात मोठी अडचण शिक्षकांच्या वेळेची. विधानसभा निवडणुकीच्या दिवसांत, प्रशिक्षणात आणि माहिती भरण्याच्या कामात दोघांपैकी एक जण नसला, की चार वर्ग एकाच्या गळ्यात. त्या दिवशी तिसरीची मुलं स्वाध्याय करत बसतात, म्हणजे बहुतेक वेळ गप्पा मारतात. मी वहीवरच्या तारखा पाहून मोजले, असे 23 दिवस गेले. हा शिक्षकांचा दोष नाही, पण मुलांचे दिवस गेले ते गेलेच, आणि त्याचा मला राग आहे. दुसरं, इंग्रजी. गाणी, शब्द येतात, पण बोलण्याचा सराव नाही. आधीच्या शाळेत कमावलेलं निम्मं इंग्रजी गेलं. मी रोज अर्धा तास घरी घेते. ज्यांना घरी वेळ नाही त्यांनी याचा नीट विचार करावा. तिसरं, गावाने वर्गणीतून घेतलेला मोठा टीव्ही. वीजबिल थकलं आणि सप्टेंबर ते डिसेंबर तो बंद होता. शाळा व्यवस्थापन समितीत आम्ही चार पालकांनी विषय लावून धरला, तेव्हा ग्रामपंचायतीने बिल भरलं.

शाळा बघायला जाणार असाल तर पाटी किंवा रंगरंगोटी बघू नका. शनिवारी सकाळी, न कळवता जा. आणि बाईंची किंवा सरांची बदली जवळ आलीये का, तेवढं विचारून घ्या. आमच्या बाईंची या वर्षी होऊ शकते. तसं झालं तरी लेक चौथीला इथेच बसणार. शिवाजी महाराजांचा इतिहास चौथीला आहे, आणि प्रतापगडला कधी जायचं हे तिने सासूबाईंकडून आत्ताच कबूल करून घेतलंय.