जुनी डिझेल जीप की जिप्सी? चालू होईना तेव्हा कुठलीचं दुखणं लवकर सापडतं

बालाघाटाच्या कुशीत शेत आहे, पावसाळ्यात काळ्या रानातून धड वाट राहत नाही आणि नव्या फोर-बाय-फोरला लागतो तेवढा पैसा घालायचा नाही. अशा माणसापुढे फिरून फिरून दोनच नावं येतात: महिंद्राची डिझेल जीप एमएम ५४० आणि मारुतीची पेट्रोल जिप्सी. चिखलातून दोन्ही निघतात, लो गिअर दोन्हींना आहे, त्यावर वाद घालत बसण्यात हशील नाही. वीस-तीस वर्षांची गाडी एखाद्या सकाळी चालू होणार नाही, हे धरूनच चालायचं. त्या सकाळी जवळ फिटर नसताना दोष नेमका कुठे आहे, हे कुठल्या गाडीत लवकर कळेल? माझ्या मते निवड या एका प्रश्नावर करावी.

जिप्सी म्हटली की त्यातही दोन घराणी आली. १९८५ पासूनची ९७० सीसीची आणि १९९६ ची १.३ लिटरची किंग, या दोन्ही कार्बोरेटरवाल्या. २००० च्या सुमारास एमपीएफआय आली, म्हणजे कार्बोरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी. बाहेरून गाडी तीच दिसते, पण चालू झाली नाही तर दोष शोधायची रीत पार वेगळी. म्हणून ही तुलना तीन गाड्यांची समजा.

आधी सगळ्यांना लागू पडणारं उरकू. चावी फिरवल्यावर सेल्फ नुसता ‘टक्’ करत असेल किंवा ओढत ओढत फिरत असेल, तर पेट्रोल-डिझेलच्या भानगडीत पडूच नका. दोषाची जागा बॅटरी, तिची टर्मिनलं, अर्थिंगची पट्टी किंवा सेल्फ, यांतच असते. साधा मल्टीमीटर जवळ ठेवा. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्या. आकडा चांगला असूनही सेल्फ मरगळलेला असेल तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की अर्थिंग खराब. चिखलात फिरणाऱ्या गाडीत ही पट्टी गंजतेच, आणि लोक मात्र नवी बॅटरी घेऊन मोकळे होतात. फरक एवढाच की डिझेलचं कॉम्प्रेशन पेट्रोलच्या दुपटीहून जास्त असतं. ज्या अर्धमेल्या बॅटरीवर जिप्सी चालू होईल, त्या बॅटरीवर जीप होणार नाही.

आता सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, असं धरा. खरी तुलना इथे सुरू होते.

एमएम ५४० मध्ये मूळचं प्यूजोचं २,११२ सीसी डिझेल इंजिन. तिला करंटची ठिणगी लागत नाही. पुरेसा वेग, उष्णता आणि हवा न मिसळलेलं डिझेल एवढंच लागतं. आणि तिचं दुखणं ती सायलेन्सरमधून स्वतः सांगते. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोहोचतंय, पण पेटत नाही. थंडीत परभणीकडे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पहिला संशय हीटर प्लगवर, म्हणजे थंड इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगवर. प्लगची वायर काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं प्लगच्या डोक्याला लावा. दिवा लागला तर प्लग जिवंत, नाही लागला तर गेला. प्लग चांगले निघाले तर वायर परत जोडून हीटर चालू असताना तिथे करंट येतो का बघा, म्हणजे रिलेचाही निकाल लागतो.

धूर अजिबातच नसेल तर डिझेल पोहोचत नाही. आधी इंजिन बंद करायची केबल पूर्ण आत गेलीय का बघा. ती अर्धवट अडकली तरी पंप डिझेल सोडत नाही. केबलऐवजी विजेवर डिझेल सोडणारा-तोडणारा सोलेनॉइड असेल तर चावी चालू-बंद करताना पंपापाशी ‘टिक’ ऐकू यायला हवं. हे ठीक असेल तर बहुतेक वेळा हवा शिरलेली असते. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि हातपंप मारत राहा. सुरुवातीला फेसासारखं पांढुरकं डिझेल बाहेर येतं, मग सुटे सुटे बुडबुडे, मग अखंड स्वच्छ धार. धार तुटत नाही असं दिसलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. फेस थांबतच नसेल तर टाकीपासून फिल्टरपर्यंतची नळी किंवा वॉशर हवा ओढतोय. शेतावर बॅरलमध्ये साठवलेलं डिझेल वापरत असाल तर फिल्टरच्या तळाचं पाणीही काढून बघा. मात्र नोझलचा (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाचा) नट सैल केला असेल आणि कुणी सेल्फ मारत असेल, तर तिथे हात नेऊ नका. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते.

जीपची खरी जमेची बाजू इंजिनाच्या बाहेर आहे. मराठवाड्यात ट्रॅक्टर गावोगाव आहेत, त्यामुळे एअर काढणारा आणि पंप-नोझल समजणारा मिस्त्री तालुक्याच्या गावात हमखास भेटतो. त्याला जीप परकी नाही.

पण जीपचं एक दुखणं महागात पडतं. हीटर चांगले, सेल्फ चांगला, तरीही पांढरा धूर आणि इंजिन पकडत नाही, म्हणजे कॉम्प्रेशन गेलं असण्याची दाट शक्यता. मग हेड किंवा रिंगा-लायनरचं काम निघतं. दुसरी खूण उन्हाळ्याची. सकाळी चालू होणारी जीप भर दुपारी गरम झाल्यावर चालू होईना आणि संध्याकाळी पुन्हा झाली, तर डिझेल दाबाने सोडणारा रोटरी पंप झिजलेला असू शकतो. पंपावर ओलं फडकं टाकून थंड केल्यावर चालू झाली तर शंका पक्की. पंपाला बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर, चढवल्याशिवाय इलाज नाही, आणि बेंच शोधत मोठ्या गावाला जावं लागतं.

कार्बोरेटरच्या जिप्सीत तपास जवळजवळ तितकाच सोपा. प्लग काढून वायरीला लावा, त्याचा धातू इंजिनाला टेकवा, इन्सुलेटेड पकडीने धरा आणि सेल्फ मारा. निळसर ठिणगी तडतडली तर करंट ठीक. ठिणगी नसेल तर डेल्कोची (प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) टोपी, कॉइल, वायरी तपासा. पावसाळ्यात टोपीत ओल धरते. कोरड्या फडक्याने पुसून बघा. करंट असेल तर प्लगकडे नीट बघा. ओला असेल तर गाडी ओव्हर झालीय, म्हणजे पेट्रोल जास्त गेलंय, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही.

मात्र या जिप्सीला आमचा मे महिना सोसत नाही. इंजिनावरच्या पंपात पेट्रोलची वाफ अडकते आणि ४२ अंशांत पाच मिनिटं थांबवलेली गाडी पुन्हा चालू होत नाही. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम लवकर खराब होतात, ही त्यात भर. महिनाभर उभी ठेवायची असेल तर मी तरी ही घेणार नाही.

एमपीएफआय जिप्सीत पंप टाकीत असल्याने वाफेचा त्रास फार कमी, आणि नीट असेल तेव्हा तिघींत सगळ्यात सहज चालू होणारी तीच. चावी ‘ऑन’ केल्यावर मागून दोनेक सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. आली नाही तर फ्यूज, रिले, मग पंप. पण गुणगुण आली आणि ठिणगी मात्र नाही, तर बांधावरचा तपास बहुतेक संपला. सेन्सर आहे, वायरिंग आहे की ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), हे कळायला जाणता वायरमन आणि जमलं तर स्कॅनर लागतो. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडला तो भेटेल, आडगावात टोचन करून न्यावी लागेल. सोयाबीनच्या पोत्यांशेजारी गाडी लावणार असाल तर उंदरांचाही विचार करा. जीपमध्ये त्यांना कुरतडायला फार वायरी नाहीत, इथे भरपूर आहेत. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर धक्क्याचाही उपयोग नाही, कारण टाकीतल्या पंपाला वीज हवीच. केबलने बंद होणारी जीप उतारावरून, इंजिन गरम असेल तर, धक्क्यावरही पकडते.

शेतावरच ठेवायची, स्वतः हात काळे करायची तयारी असेल तर जीप घ्या, फक्त कॉम्प्रेशन तपासून. शहरात राहून शनिवार-रविवारी डोंगरात जाणार असाल तर एमपीएफआय जिप्सी. कार्बोरेटरची जिप्सी रोज चालवणाऱ्यानेच घ्यावी.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की सकाळपासून चालू करू नका, आणि पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. जीपमध्ये डीआय (सिलिंडरमध्ये थेट डिझेल फवारणारं) इंजिन बसवलेलं असेल तर त्याचं थंडीतलं गणित वेगळं, हीटरवर ते एवढं अवलंबून नसतं. पण मग आरसीवरचा इंजिन नंबर जुळवून बघा. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणी वाढवायला आरटीओत जावं लागतं, तिथे तो जुळला नाही तर चालू गाडीही अंगणात उभी राहते.