व्हीलचेअर मिळाली, पायऱ्या राहिल्या (पाचपैकी अडीच)

विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत शुक्रवारी संध्याकाळचं मुंबईचं विमान धरू नये, हे नागपुरात कोणी सांगावं लागत नाही. मी धरलं. रविवारी भाच्याचं लग्न, शुक्रवारआधी शाळेतून सुटका नाही, म्हणून शुक्रवारी अर्धी रजा टाकून निघाले. सोबत आई. वय 79, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. सपाटीवर काठी टेकत पन्नास पावलं चालते. पायरी दिसली की उभी राहते.

म्हणून हा अभिप्राय विमानाचा नाही, विमान कंपनीच्या व्हीलचेअर सेवेचा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, माझी तक्रार अजून त्यांच्याकडे पडून आहे.

1953 च्या नागपूर कराराने आपल्याला वर्षातलं एक अधिवेशन दिलं. सोबत मोर्चे, बॅरिकेड आणि शुक्रवारची परतीची गर्दीही दिली. शहरातल्या महाल भागातून तीनला निघालो, सव्वाचारला पोचलो. मेट्रोने लवकर झालं असतं, पण विमानतळाचं स्टेशन वर्धा रोडवर, तिथून आत पुन्हा गाडी. आईला घेऊन ती चढउतार नको वाटली. दारातच पांढऱ्या कुर्त्यांची रांग, मागे फायलींचे गठ्ठे धरलेले पीए, कॅमेऱ्याचे स्टँड खांद्यावर टाकलेली पोरं. अख्खं विधान भवन चाकाच्या बॅगा ओढत मुंबईला निघालेलं. प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखत होता, त्यामुळे रांगेत एक माणूस दिसला की तिथे चार समजायचे.

चेक-इनला पाऊण तास गेला. त्यातली दहा मिनिटं आमच्यामुळे, हे कबूल करते. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, सुकं खोबरं आहे का? आईने मसाल्यासाठी खोबऱ्याच्या वाट्या भरल्या होत्या. खोबऱ्यात तेल असतं, पेट घेऊ शकतं, म्हणून ते मोठ्या बॅगेतही चालत नाही. मला ठाऊक नव्हतं. सगळ्यांसमोर बॅग उघडली, साड्यांखालून वाट्या काढल्या. दीर सुदैवाने अजून बाहेरच होते, खोबरं त्यांच्यासोबत महालात परत गेलं. संत्रा बर्फी वाचली.

मग व्हीलचेअर. फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं, पैसे पडले नाहीत. पण त्या दिवशी नऊ म्हातारी माणसं आणि खुर्च्या ढकलायला तीन पोरं. सीताबर्डीवर ऑटो लागतात तशा खुर्च्या भिंतीला लागलेल्या. आईच्या शेजारी काटोलच्या एक आजी होत्या, मांडीवर संत्र्यांची पिशवी. आंबिया बहाराच्या संत्र्यांना भाव काय मिळाला इथपासून दोघींचं जे सुरू झालं, त्यात पंचवीस मिनिटं कुठे गेली आईला कळलंही नाही. मला कळली.

आमच्या वाट्याला आलेला पोरगा बावीस-तेवीसचा असेल. "आजी, बसा आरामात. मी आहो नं." एवढं बोलून त्याने ती खुर्ची गर्दीतून अशी काढली की बड्या साहेबांनाही पाय मागे घ्यावे लागले. सुरक्षा तपासणीत सीआयएसएफच्या बाईंनी आईला उठवलं नाही, बसल्या जागी तपासलं, काठी मशीनमधून काढून हातात दिली. इथपर्यंत मी पाचपैकी साडेचार देणार होते.

पुढे विमानच नव्हतं. ते दिल्लीहून यायचं होतं आणि सकाळच्या धुक्याने त्याचा दिवसभराचा हिशोब बिघडला होता. 6.20 चे 7.05 झाले, मग 8.10, मग 9. धुक्याबद्दल कोणावर रागावणार? राग आला तो गप्प बसण्याचा. बोर्डावरची वेळ बदलायची, तोंडाने कोणी काही सांगायचं नाही. एवढ्या जवळच्या प्रवासाला दोन तासांहून जास्त उशीर होत असेल, तर खाणं-पिणं कंपनीने द्यायचं असतं, विमान वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या डीजीसीएचा तसा नियम आहे. मी जाऊन मागितलं तेव्हा खोकी बाहेर आली. थंड सँडविच आणि ज्यूस. मागितलं नसतं तर ती खोकी तिथेच राहिली असती, असा माझा दाट संशय आहे. आईने सँडविचकडे पाहिलं आणि म्हणाली, "काऊन वं, हे पोट्टं जेवलं का ते विचार आधी."

तो जेवला नव्हता. दुपारी दोनपासून ड्यूटीवर होता. अर्धं सँडविच त्याने घेतलं आणि आईने त्याला सोनेगावची, म्हणजे याच विमानतळाची गोष्ट लावली. माझे आजोबा पोस्टात होते. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सुरू झाली, ती याच सोनेगावातून. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांची विमानं मध्यरात्री इथे यायची, टपालाच्या पिशव्या एकमेकांत बदलायच्या आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परत जायची. उतारूही असत, ते पण इथेच विमान बदलत. आजोबा सकाळी घरी येऊन सांगायचे, आज कोणतं विमान उशिरा आलं. पोरगा म्हणाला, "म्हणजे तवाही लेट होत होतं नं आजी?"

नऊला बोर्डिंग. विमान लांब उभं, जिना लावलेला. बसने जिन्यापाशी गेलो आणि पोराने चिठ्ठी पाहिली. "मॅडम, आजीचं तर आर लिहून आहे."

हे सगळ्यांनी नीट वाचा, कारण मला 52 व्या वर्षी कळलं. व्हीलचेअर मागितली की तिकिटावर एक संकेत पडतो. डब्ल्यूसीएचआर म्हणजे माणसाला लांब चालवत नाही, पण जिना चढता येतो. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना जमत नाही, आत गेल्यावर सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत न्यावं लागतं. मी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं की पायऱ्या होत नाहीत. तिकडे आर लिहिलं गेलं. आर असल्यामुळे खुर्ची वर उचलून नेणारी गाडी आमच्यासाठी सांगितलीच गेली नव्हती, ती दुसऱ्या विमानाला लागली होती.

सगळे उतारू वर गेले. आम्ही खाली, डिसेंबरच्या वाऱ्यात, आईच्या अंगावर माझी शाल. वरून कर्मचारी बाई विचारत होत्या, "आजी थोडं ट्राय करतील का?" आई म्हणाली, "तू धरशील का मले?" बाई आत गेल्या. पोरगा वॉकीटॉकीवर एकाला सोडून दुसऱ्याला, दुसऱ्याला सोडून तिसऱ्याला विनवत होता. बावीस मिनिटांनी गाडी आली. आत शिरलो तेव्हा सगळं विमान आमच्याकडे पाहत होतं, उशीर जणू आमच्या गुडघ्यांनी केला होता.

मी त्या पोराच्या हातात दोनशे रुपये ठेवायला गेले, त्याने घेतले नाहीत, चालत नाही म्हणाला. आईने काटोलवाल्या आजींकडून मिळालेली दोन संत्री त्याच्या खिशात कोंबली. अडीच गुण आहेत ते सगळे त्याचे. मुंबईत खुर्ची दारात होती, तिथलं काही सांगण्यासारखं नाही.

परतीच्या तिकिटावर एस आहे ना, हे विचारायला मी कस्टमर केअरला तीनदा फोन केला. दोनदा हो म्हणाले. तिसऱ्यांदा पलीकडच्या मुलीने मलाच विचारलं, "मॅडम, एस म्हणजे कोणता सीट नंबर?"