राज कपूरची घरं दाखवणारी फोंड्याची बस: लोणीपर्यंत उत्तम, पुढे नुसती गेटं

गोव्यातल्या फोंड्याहून रात्री सुटणारी 'राज कपूरची घरं' ही सहल नुकतीच केली. माणशी साडेनऊ हजार, चहा-नाश्ता-जेवण धरून. आमचा जत्रेच्या आणि उत्सवाच्या नाटकांना ड्रेपरी, म्हणजे पोशाख-कापडं, पुरवायचा धंदा. पावसाळ्यात कपाटं बंद, हात रिकामे, त्यामुळे असलं काही जमतं. टूरवाल्याचं नाव घालत नाही. माणूस मेहनती आहे आणि चूक सुधारण्यासारखी आहे.

बस चांगली. वेळेवर सुटली, ड्रायव्हरनं अनमोड घाट सांभाळून काढला. पांघरुणांना डांबरगोळ्यांचा वास होता, पण त्या वासात माझा जन्म गेलाय, तेव्हा त्याचे गुण कापत नाही. बेळगावपर्यंत बहुतेक सगळे जागेच होते. गाइडनं 'बॉबी'तलं 'घे घे घे रे साहिबा' लावलं आणि मागच्या सीटवरच्या म्हार्दोळच्या मावशीनं ते बंद करायला लावून 'हांव सायबा पलतडी वयतां' सुरू केलं. ही आपली जुनी देखणी, म्हणजे गोव्याचं नाचाचं लोकगीत. तिचाच ठेका सिनेमात गेलाय, हे गाइडच्या गावीही नव्हतं. पुण्याचा पोरगा, कॉलेजातला असावा. बाकी त्याच सिनेमातला जॅक ब्रागांझा गोव्याचा कोळी म्हणून सतत झिंगलेला दाखवलाय, तो राग मी अजून सोडलेला नाही.

सकाळी लोणी काळभोर. मुळा-मुठेच्या काठावर राज कपूरची राजबाग. मुंबईतून पळून येऊन राहायची ही जागा, आणि शूटिंगचीही. 'सत्यम शिवम सुंदरम' (१९७८) इथे घडला. पुढे जागा पुण्याच्या एमआयटी या शिक्षणसंस्थेकडे गेली आणि त्या आवारात २०१४ पासून राज कपूरचं स्मारक आहे. फोटो भरपूर, ते सावकाश बघावेत. मला त्याहून नदी आवडली. पावसानं फुगलेली, गढूळ, काठावरची झुडपं पाण्यात वाकलेली. त्या सिनेमाच्या शेवटी पूर येतो. इथे उभं राहिलं की जागा का निवडली ते कुणी सांगावं लागत नाही. रंगमंचावर नदी दाखवायची तर आम्ही निळं कापड दोन्ही विंगांतून दोन पोरांकडून हलवतो. याच्या अंगणातच खरी होती!

बसमध्ये अर्धी माणसं मंगेशी-म्हार्दोळची, आणि दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, म्हणजे लताबाई त्यांना घरच्याच. नदीकाठी दोघी-तिघींनी त्यांनी गायलेलं 'सत्यम शिवम सुंदरम'चं शीर्षकगीत म्हणायला घेतलं. अंतऱ्यावर आल्या आणि गाइड घड्याळ दाखवत शिट्टी फुंकायला लागला. इथे दिला तासभर. निदान अर्धा दिवस द्यायला हवा होता. घाई कशाची, तर मुंबईची.

आणि मुंबईत काय? चेंबूरला पोचेपर्यंत चार वाजले. आर. के. स्टुडिओ १९४८ साली सुरू झाला, २०१९ मध्ये गोदरेज प्रॉपर्टीजनं घेतला. तिथे आता राहत्या इमारती. देवनार फार्म रोडवरचा बंगला, जिथे तो खरोखर राहायचा, तोही २०२३ मध्ये त्याच कंपनीकडे गेला. बस दोन्हीकडे हळू झाली, थांबली नाही. गाइड माईकवरून 'इथे होता', 'इथे होतं' असं सांगत राहिला. शेवटी मावशी ओरडली, "आशिल्लें तें कळ्ळें रे पुता, आतां आसा तें दाखय!" (होतं ते कळलं रे पोरा, आता आहे ते दाखव!)

स्टुडिओतल्या आगीबद्दल त्यानं एकच वाक्य टाकलं. १६ सप्टेंबर २०१७. टीव्हीच्या डान्स शोच्या सेटवर आग लागली आणि नर्गिसपासूनच्या नायिकांचे पोशाख त्यात गेले. एवढ्यावर संपवायची ही गोष्ट आहे? आमच्याकडे कसर लागून एक जरीचा शेला गेला तर मला चार दिवस जेवण जात नाही. ते कपडे कुणी शिवले, कुठल्या कपाटात कसे ठेवले होते, आगीच्या आधी ते लोकांना दाखवायला का काढले नाहीत, यावर बोलला असता तर मी त्या गेटसमोर तासभर आनंदानं उभा राहिलो असतो.

माटुंग्याची आर. पी. मसानी रोडची गल्ली त्यातल्या त्यात बघण्यासारखी. पृथ्वीराज कपूरांचं बिऱ्हाड तिथे होतं, गायक-नट सैगलही त्याच भागात राहायचे. जुन्या इमारती, मोठी झाडं, पायी फिरायला छान. पण पार्किंग नाही म्हणून आम्ही ती काचेतून पाहिली. पेशावरची जन्माची हवेली तर बसमधल्या टीव्हीवर दाखवली; तिथे निदान गाडी अडकली नाही.

जेवण: लोणीची पिठलं-भाकरी फर्मास. मुंबईतल्या थाळीतला बांगडा गोव्याच्या माणसापुढे ठेवायला धाडस लागतं.

पाचापैकी तीन. त्यातले अडीच लोणीचे. घ्यायचीच तर आधी विचारून घ्या: लोणीला किती वेळ, आणि माटुंग्यात उतरवणार का. उतरवणार नसतील तर पुण्याला उतरून रात्रीची दुसरी गाडी पकडा, पैसे थोडे परत मागा. मी टूरवाल्याला फोन करून सांगितलं, मुंबई काढ, दर पाच हजारांवर आण, नदीकाठी दुपार काढू दे. "दिवाळीनंतर बघू," म्हणाला. दिवाळीनंतर आमच्या जत्रा सुरू होतात, मला काही जमणार नाही.