स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतरचे शौच: इसबगोल आणि कटिस्नानाचा टब, काही महिन्यांच्या वापरानंतर

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर किती किलो घटले, हे सगळे सांगतात. शौचाचे काय झाले, हे कोणी सांगत नाही, आणि आमच्या आर्वी तालुक्यात तर बाईमाणसाने तो विषय काढायचाही नसतो. माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया नागपूरला झाली. तिच्यात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात, आतड्याला मात्र हात लावत नाहीत. त्यामुळे नंतर जडणाऱ्या मलावरोधाची कारणे बहुतेक वेळा बाहेरच सापडतात: चार घासांवर आलेले जेवण, घोट घोट प्यावे लागणारे पाणी आणि रोजच्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्या. भाकरी आणि पालेभाजी मागे पडून वरण, अंडे, पनीर आणि प्रथिनांची पावडर पुढे आली, की आहारातला चोथाही जवळजवळ संपतो.

खाणेच कमी असल्याने दोन-तीन दिवसांतून एकदा शौचास होणे हा आजार नव्हे, हे आधी समजून घ्यावे. मळ मऊ आहे की खडा, हे महत्त्वाचे. ब्रिस्टल तक्त्यात मळाचे सात प्रकार दिलेले आहेत. त्यांतला तिसरा-चौथा चांगला, पहिला-दुसरा म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखा किंवा गाठीगाठींचा. माझा पहिल्यावर गेला तो ऐन उन्हाळ्यात, पारा ४५ च्या आसपास असताना. जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबायचे, एका वेळी दोन घोटांपेक्षा जास्त मावत नाही आणि घाम तर सतत चालू. अशात दीड-दोन लिटर पाणी पोटात जायचे तरी कसे? कुंथण्यामुळे गुदद्वाराला चीर पडली. या चिरेचे, म्हणजे फिशरचे, दुखणे मूळव्याधीपेक्षा वेगळे असते: शौचाच्या वेळी ब्लेडने कापल्यासारखे वाटते आणि नंतरही कितीतरी वेळ ठणका राहतो.

इसबगोलाबद्दल माझे मत चांगले आहे, पण त्याच्या वापराच्या सूचना साध्या माणसासाठी लिहिलेल्या असतात, स्लीव्हवाल्यासाठी नव्हेत. भुसा पाण्यात टाकला की क्षणात फुगून लिबलिबीत होतो आणि पूर्ण पेलाभर पाणी एका दमात पिण्याची सोय आपल्या पोटात उरलेली नसते. माझ्या आहारतज्ज्ञ ताईंनी नेहमीचे जेवण सुरू झाल्यावरच परवानगी दिली, तीही अर्ध्या छोट्या चमच्यापासून. तो पातळ ताकात ढवळून लगेच प्यायचा आणि पुढचा तासभर पाण्याचे घोट चालू ठेवायचे, मग काही आठवड्यांनी प्रमाण वाढवायचे. पाणी कमी पडले तर हाच भुसा मलावरोध वाढवतो. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकमेकींपासून दोन तास लांब ठेवायच्या असतात आणि इसबगोलही त्यांच्यापासून तितकाच दूर हवा, म्हणून मी तो रात्री घेते. चवीचा भुसा घेऊ नये, कारण अशा बऱ्याच पाकिटांत साखर असते. जोडीला जवसाची चटणी पुन्हा ताटात आली, तिचा उपयोग झाला. सावजी रस्सा मात्र चीर भरेपर्यंत दूर ठेवावा लागला, कारण खालून जाताना तिखट विसरू देत नाही.

कटिस्नानाचा टब म्हणजे कमोडवर बसवायचे उथळ प्लास्टिकचे भांडे. आमच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास, त्यामुळे तो मध्ये भोक असलेल्या शौचखुर्चीवर ठेवावा लागतो. ती नसेल तर न्हाणीघरातला रुंद टप तेच काम करतो आणि वेगळा खर्च करण्याची गरज नाही. शौचानंतर १० ते १५ मिनिटे कोमट पाण्यात बसले की आवळलेला स्नायू सैल पडतो आणि ठणका ओसरतो. पाण्यात डेटॉल किंवा तुरटी टाकण्याचा सल्ला गावात हमखास मिळतो. साधे पाणी पुरते, डेटॉलने कातडी भाजते. नंतर सुती कापडाने टिपून घ्यावे, घासू नये.

मलमाच्या बाबतीत मेडिकलच्या काउंटरवरचा सल्ला कामाचा निघाला नाही. तिथे मिळालेली ट्यूब बधिरपणा आणणारी होती. तिने तेवढ्यापुरते बरे वाटे, चीर तशीच राही. शल्यचिकित्सकांनी २ टक्के डिल्टियाझेमचे मलम दिले. ते आवळलेला स्नायू सैल करते, त्यामुळे तिथला रक्तपुरवठा सुधारतो. दुखणे थांबले तरी सांगितलेले आठवडे पूर्ण लावावे लागते. रोजच्या रेचक चूर्णाच्या वाटेला मी गेले नाही आणि ‘एका इंजेक्शनात मूळव्याध साफ’ अशा पाट्यांच्या दवाखान्यांकडे तर अजिबात नाही.

माझ्या मामेभावाची वजन कमी करण्याचीच, पण बायपास पद्धतीची (हृदयाची नव्हे) शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि त्यांचे गाऱ्हाणे अगदी उलट. अन्न आतड्याच्या वरच्या भागाला वळसा घालून जात असल्याने गोड किंवा तळलेले खाल्ले की पातळ, तेलकट, दुर्गंधीयुक्त शौच होते, आणि वारंवार धुण्याने कातडी सोलवटते. त्यांना झिंक ऑक्साइडचे मलम आणि तेल-गोडाचा आवर यांनी आराम पडला. इसबगोल त्यांनाही दिला आहे, कारण तो पातळ मळातले पाणी धरून ठेवतो. मात्र जुलाब टिकून राहिले तर भुशावर भागवू नये, तपासणी करून घ्यावी.

लोहाच्या गोळ्यांनी मळ काळपट होतो, त्याला घाबरू नये. पण डांबरासारखा चिकट आणि उग्र वासाचा काळा मळ म्हणजे वरच्या बाजूचा रक्तस्राव असू शकतो, तेव्हा थेट रुग्णालय गाठावे. ताजे लाल रक्तही दरवेळी फिशरचेच असेल असे गृहीत धरू नये, विशेषतः पंचेचाळिशी उलटलेल्यांनी. आणि ज्यांना घास अडकतो, वारंवार उलट्या होतात किंवा जठर अरुंद झाल्याचे सांगितले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय इसबगोल घेऊच नये. फुगलेला भुसा तिथेच अडकू शकतो.