काढा, सुई की कप? चिनी वैद्यकाकडे वळण्याआधी

सर्दी, कंबरदुखी, अर्धशिशी, मळमळ अशा रोजच्या तक्रारींवर चिनी वैद्यकात प्रामुख्याने तीन वाटा आहेत: काढा, सुया (म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर) आणि कपिंग (कातडीवर कप चिकटवून ती ओढून धरणं). तिन्ही बहुधा एकाच दवाखान्यात मिळतात, पण त्यांची कुवत वेगळी आणि धोकेही वेगळे. आमचा कौल असा: दुखण्याला सुई, सर्दीला काढा (तोही जाणकाराने निवडलेला), आणि कप फक्त आखडलेल्या पाठीपुरते.

सर्दीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. चिनी वैद्याला नुसतं ‘सर्दी’ एवढं पुरत नाही. थंडी जास्त वाजते की ताप जास्त आहे, घाम येतो का, तहान लागते का, शेंबूड पाण्यासारखा आहे की पिवळा, जिभेवरचा थर कसा आहे, नाडी कशी चालते, यावर औषध ठरतं. अंगात थंडी भरलेली, तहान नाही, जिभेवर पातळ पांढरा थर, तर ती ‘वारा-थंडी’. घसा दुखतो, ताप चढलेला, पाणी प्यावंसं वाटतं, जिभेची कड लाल, तर ‘वारा-उष्णता’. दोघांचे काढे उलट स्वभावाचे.

पहिल्या प्रकारात घाम येऊनही बरं वाटत नसेल, तर ‘क्वेइ-झी थांग’ देतात. झांग झोंगजिंग या वैद्याने सुमारे १८०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला हा काढा आजही वापरात आहे. आजचं नेहमीचं प्रमाण: चिनी दालचिनीच्या कोवळ्या फांद्या ९ ग्रॅम, पांढऱ्या पिओनीचं मूळ ९ ग्रॅम, ताजं आलं ९ ग्रॅम, भाजलेलं ज्येष्ठमध ६ ग्रॅम आणि ३-४ सुकी लाल बोरं. मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात अर्धा तास भिजवून मंद आचेवर आटवायचं. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम टाळायचं. मूळ ग्रंथात सात माप पाण्याचे तीन माप करून एकेक माप घ्यायला सांगितलं आहे. खरी मेख पुढे आहे. काढा घेतल्यावर थोड्या वेळाने गरम पातळ पेज प्यायची आणि साधारण दोन तास पांघरूण घेऊन पडायचं. अंगाला हलका ओलावा आला की झालं. घामाच्या धारा लागल्या तर तो उपचार बिघडल्याचं ग्रंथकारच बजावतो. पहिल्याच मापाने उतार पडला तर उरलेला काढा घ्यायचा नाही. बरेच जण हा भाग वगळून तीन दिवस काढा पीत राहतात.

उष्ण प्रकारात हाच काढा दिला तर घसा आणखी पेटतो. तिथे १७९८ सालच्या ग्रंथातलं ‘यिन-छियाव’ चूर्ण: हनीसकलच्या कळ्या, फोर्सिथियाची फळं, पुदिना वगैरे. ते फार उकळायचं नाही, सुवास दरवळला की उतरवायचं. जास्त उकळलं तर उडून जाणारी तेलं निघून जातात आणि उरतं ते कडू पाणी.

‘वारा-थंडी’तच घाम अजिबात नाही आणि अंग ठणकतंय अशा वेळी ‘मा-हुआंग’ म्हणजे एफेड्रा देतात. ते घरी करू नका. त्यातल्या एफेड्रिनने रक्तदाब आणि ठोके वाढतात. अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्रायुक्त पूरक गोळ्यांवर बंदी घातली ती याचमुळे. ज्येष्ठमधही निरुपद्रवी नाही. जास्त दिवस घेतलं तर पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो.

महाराष्ट्रात पावसाळ्यात एक वेगळी अडचण असते. हुडहुडी, ठणकणारं अंग आणि ताप हे ‘वारा-थंडी’चं चित्र मलेरिया आणि डेंग्यूलाही तंतोतंत जुळतं. आधी रक्त तपासा, काढ्याचं नंतर. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत आपोआप जाते, त्यामुळे काढ्याने बरं वाटलं की दिवस भरले म्हणून, हे ठरवणं कठीणच.

सुयांच्या बाजूने पुरावा जास्त आहे, पण मतभेदासकट. कोणते उपचार द्यावेत हे डॉक्टरांना सांगणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१२ मध्ये अर्धशिशी रोखण्यासाठी, नेहमीच्या गोळ्या चालत नसतील तर, ५ ते ८ आठवड्यांत १० बैठकांपर्यंत सुया सुचवल्या. त्याच संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीला मात्र सुया देऊ नका म्हटलं; अमेरिकन डॉक्टरांच्या एका मोठ्या संघटनेने २०१७ मध्ये त्याच कंबरदुखीला सुया चालतील असं सांगितलं. भांडण कशावरून? खोट्या सुया (नुसत्या टोचल्यासारखं भासवणाऱ्या किंवा भलत्याच जागी टोचलेल्या) मिळालेल्या रुग्णांनाही बराच आराम पडतो, आणि खऱ्या-खोट्यातला फरक लहान निघतो. तरीही गोळ्या पचत नाहीत त्यांच्यासाठी आम्ही सुयांना कौल देतो. चार-सहा बैठकांत काहीच फरक नसेल तर थांबा. पायात कमजोरी किंवा लघवीवरचा ताबा गेला असेल तर सुईवाल्याकडे नव्हे, थेट रुग्णालयात.

मळमळीला सुईचीही गरज नाही. मनगटाच्या आतल्या घडीपासून आपलीच तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या कंडरांच्या मधे ‘नेइग्वान’ बिंदू असतो. दोन-तीन मिनिटं दाबून धरा. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर याचा परिणाम औषधांच्या जवळपास दिसला आहे.

कपिंगने आखडलेले खांदे मोकळे वाटतात, ५-१० मिनिटांत काम होतं. गोल काळेनिळे डाग आठवडाभर राहतात आणि ते ‘विष निघाल्याची खूण’ नसून त्वचेखाली साकळलेलं रक्त असतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नको.

भेसळीचा धोका पोटात घ्यायच्या औषधांतच. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करणाऱ्या औषधात एका मुळीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकियाची मुळी आली आणि अनेक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. म्हणून घटकांची नावं न लिहिलेली तयार गोळी घेऊच नका. सुई एकदाच वापरायची, पाकीट आपल्यासमोर फोडलेली हवी. गरोदरपणात अंगठा आणि तर्जनीमधला ‘हेगू’ बिंदू टाळतात, तेव्हा दिवस राहिले असतील तर आधीच सांगा. मानेच्या बुडाशी खांद्यावर सरळ खोल सुई गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं, म्हणून हात शिकलेला असायला हवा. केंद्र सरकारने २०१९ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आहे, आणि महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा आहे. वैद्याकडे नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका.