खाऱ्या पाण्यासाठी सात फुटी रॉड: दांडीच्या आधी रिंगा पाहा

किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, खाडीच्या मुखाशी किंवा कांदळवनाच्या कडेने कृत्रिम आमिषावर गरवण्यासाठी एकच रॉड घ्यायचा असेल, तर जाणकार बहुधा सात फुटी, मध्यम ताकदीचा, फास्ट ॲक्शनचा (म्हणजे मुख्यतः टोकाकडे वाकणारा) ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनच्या तंतूंचा, स्पिनिंग रॉड सुचवतात, आणि ही शिफारस योग्यच आहे. माझ्या वापरातला रॉड याच जातीचा आहे: दोन तुकड्यांचा, मध्यम श्रेणीतला, 10 ते 20 पौंडांच्या दोरीसाठी आणि 7 ते 21 ग्रॅमच्या आमिषासाठी बनवलेला. त्याच्या दांडीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दांडीवर बसवलेल्या धातूबद्दल, म्हणजे दोरी ज्यांतून धावते त्या रिंगांबद्दल, आणि समुद्राच्या पाण्यात रॉडचे आयुष्य ठरते ते त्या धातूवरच.

दांडी खरोखर चांगली आहे. दहा-बारा ग्रॅमचा जिगहेड (शिशाचे डोके असलेला गळ) रबरी माशासह फेकताना टोकाचा साधारण तिसरा हिस्सा वाकतो आणि आमिष फारसा जोर न लावता लांब जाते. जड मासा लागल्यावर मात्र वाक हळूहळू मुठीकडे सरकतो आणि खालच्या भागातला दम कळतो. आमिष वाळूवर टेकले की शिंपल्यांच्या थरावर, हा फरक हाताला स्पष्ट जाणवतो. ब्रेडेड (विणलेली) दोरी जवळजवळ ताणली जात नसल्याने तंगूस वापरताना मिळणारी लवचीकता येथे रॉडच्या टोकालाच द्यावी लागते. टोक फार कडक असेल, तर जिताड्यासारखा मासा पाण्याबाहेर उसळून डोके झटकतो तेव्हा गळ निसटतो. या रॉडच्या टोकाने तेवढी लवचीकता राखली आहे.

रॉडवर छापलेल्या शब्दांवर मात्र फार विसंबू नये. ताकद म्हणजे दांडी वाकवायला किती भार लागतो, आणि ॲक्शन म्हणजे ती कोठे वाकते. या दोन्हींसाठी सर्व कंपन्यांना बांधील असे समान मोजमाप नाही, त्यामुळे एकाचा ‘मीडियम’ दुसऱ्याच्या ‘मीडियम हेवी’इतका कडक निघू शकतो. त्यापेक्षा आमिषाचे ग्रॅम पाहावेत आणि आपण नेहमी फेकतो ते वजन त्या मर्यादेच्या मध्यावर येते का, एवढे तपासावे. कार्बनचा ताठपणा सांगणाऱ्या ‘30 टन’, ‘40 टन’ अशा आकड्यांचा मोहही आवरावा. टन वाढले की कार्बन वजनाच्या मानाने अधिक ताठ होतो, दांडी हलकी आणि पातळ भिंतीची करता येते; पण अशा दांडीवर जिगहेड आपटून पडलेली बारीकशी खोच पुढे एखाद्या मोठ्या माशाच्या वेळी तिचे दोन तुकडे करते. सतत खडक आणि होडीच्या काठाशी संबंध येणाऱ्या वापरात मधल्या टनाची दांडी मला अधिक भरवशाची वाटते.

आता रिंगांकडे वळू. प्रत्येक रिंगेत धातूची चौकट असते आणि तिच्या आत सिरॅमिकचे कडे बसवलेले असते. या दोन्हींमधल्या केसाएवढ्या फटीत खारे पाणी शिरते, वाळते आणि मीठ तेथेच राहते. स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा पातळ थर टिकण्यासाठी ऑक्सिजन लागतो. फटीत अडकलेल्या पाण्यात तो कमी पडतो आणि क्लोराइड तो थर पोखरू लागते. म्हणूनच उघडी चौकट चकचकीत दिसत असतानाही गंज आतून सुरू झालेला असतो. माझ्या रॉडवर टोकाकडून दुसऱ्या रिंगेच्या पायाशी, जेथे तो दोऱ्याच्या वेटोळ्यांखाली शिरतो, तेथे पारदर्शक इपॉक्सीच्या आत चहाच्या रंगाचा डाग पसरला आहे. तो पुसता येत नाही, कारण तो आत आहे. रिंग उतरवून नवी बांधणे हाच उपाय. गोड्या पाण्याने नियमित धुतलेल्या रॉडवर हे घडावे, हा या श्रेणीचा सर्वांत मोठा दोष आहे, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘सॉल्टवॉटर’ लिहिणाऱ्यांनी तो टाळायला हवा होता.

खरेदी करताना म्हणूनच चौकटीचा धातू कोणता, हे विचारून घ्यावे. 316 प्रतीच्या पोलादात मॉलिब्डेनम असल्याने ते 304 पेक्षा मिठापुढे अधिक टिकते; टायटॅनियम समुद्राच्या पाण्यात जवळजवळ गंजतच नाही, पण त्याने रॉडची किंमत बरीच वाढते. कड्यासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड पुरेसे आहे. सिलिकॉन कार्बाइड अधिक कठीण व गुळगुळीत असते आणि घर्षणाची उष्णता लवकर वाहून नेते. कापसाची काडी प्रत्येक कड्याच्या आतून फिरवावी. तंतू अडकला तर तेथे तडा आहे, आणि असा तडा ब्रेडेड दोरी हळूहळू कापत राहतो. ब्रेडेड दोरी आणि लीडर (तिच्या टोकाला जोडलेला वेगळ्या दोरीचा तुकडा) यांची गाठ टोकाच्या रिंगेतून विनाअडथळा जाते की नाही, हेही पाहावे. अतिलहान रिंगांची सध्या हौस आहे, पण फेकीच्या ऐन वेगात गाठ अडकली की आमिष गेलेच समजावे.

रीलची बैठक समाधानकारक आहे. तिची रील आवळणारी चकती मात्र दरवेळी पूर्ण उघडून धुवावी लागते. पाण्याची धार मंद ठेवावी, जोराच्या फवाऱ्याने मीठ उलट आत ढकलले जाते. मूठ ईव्हीए फोमची आहे. दिसायला बूच देखणे, पण माशाचा चिकटा आणि आमिषाचा वास फोमवरून सहज निघतो. दोन तुकड्यांचा सांधा घट्ट बसतो आणि वापरताना तो जाणवतही नाही, फक्त त्यात वाळू जाऊ देऊ नये.

होडीतून किंवा कयाकमधून गरवणाऱ्याला सात फूट लांबी पुरते, आणि 3000 किंवा 4000 आकाराच्या रीलबरोबर तोलही नीट साधतो. किनाऱ्यावर किंवा गुडघाभर पाण्यात उभे राहून फेकणाऱ्याने साडेसात ते आठ फुटी घ्यावा. मात्र लांबी वाढली की तरफेचा फायदा माशाला मिळतो आणि मनगट लवकर थकते. ज्यांना फेसाळ लाटांपलीकडे चाळीस ग्रॅमचे धातूचे आमिष फेकायचे आहे, त्यांच्यासाठी हा रॉड नाही.