टेपर रोलर कोनसेट : आठ महिने आणि ९,००० किलोमीटरनंतर

माझी १५० सीसीची मोटारसायकल रोज सकाळी सासवडहून दिवे घाट उतरून हडपसरला जाते आणि संध्याकाळी तोच घाट चढून परत येते. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस घाटातल्या वळणांवर ती ऐकेनाशी झाली. हँडल सरळ असताना एखाद्या खाचेत बसल्यासारखे अडकत असे आणि तिथून काढण्यासाठी जोर लावला की गाडी हवी त्यापेक्षा जास्त वळत असे. जवळच्या मेकॅनिकने कोनसेटचा, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या वाट्या आणि बॉलच्या बेअरिंगचा, वरचा नट थोडा सैल करून दिला. चार दिवस बरे गेले आणि मग पुढचा ब्रेक दाबताच 'टक्' असा आवाज येऊ लागला.

तेव्हा मी स्वतःच तपासायला बसलो. आधी हवा पाहिली, कारण पुढच्या चाकात हवा कमी असली तरी हँडल जडच लागते. २५ ऐवजी १८ पीएसआय निघाली. ती भरल्यावर जागच्या जागी गाडी वळवणे सोपे झाले, पण खाच जिथल्या तिथे राहिली. मग गाडी मेन स्टँडवर घेतली, मुलाला मागे बसवून पुढचे चाक अधांतरी केले आणि हँडल दोन बोटांनी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. ते सगळीकडे सारखेच जड असते तर नट जास्त कसला गेला आहे किंवा ग्रीस सुकले आहे, असे मी समजलो असतो. फक्त एका टोकाला जड असते तर केबल किंवा वायरिंग ताणले जात आहे का ते पाहिले असते. माझे हँडल नेमके मधोमध अडकत होते, आणि फोर्कची, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांची, खालची टोके धरून पुढे-मागे हलवली तर खेळ, म्हणजे ढिलेपणाही जाणवत होता. नट कसला की अडकते आणि सैल केला की खुळखुळते, अशी मधली जागाच उरली नसेल, तर नटाशी खेळण्यात अर्थ नाही. कोनसेट संपलेला असतो.

उघडल्यावर तसेच निघाले. खालच्या वाटीत नख अडकेल इतक्या खोल, ठरावीक अंतरावरच्या खाचा पडल्या होत्या. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे बॉल त्याच जागी उभे राहून प्रत्येक खड्ड्याचा आणि गतिरोधकाचा मार खातात, आणि तिथले ग्रीस हळूहळू बाजूला सरते. बॉलचा वाटीला स्पर्श बिंदूइतका, तर रोलरचा पूर्ण रेषेत असतो व भार पसरतो, म्हणून मी बॉलच्या संचाऐवजी टेपर रोलरचा, म्हणजे निमुळत्या रोलरचा, संच घेतला.

पहिले दोन आठवडे मात्र पश्चात्तापाचे गेले. नवा माल म्हणून मेकॅनिकने नट करकचून आवळला होता आणि हडपसरच्या गर्दीत कमी वेगात गाडी दारू प्यायल्यासारखी डावी-उजवीकडे झोके खात होती. हा दोष संचाचा नसून आवळण्याचा आहे, हे चाक पुन्हा उचलून पाहिल्यावर कळले. नट किंचित सैल करताच झोके थांबले. पुढे साधारण ७०० किलोमीटरनंतर, वाट्या आपापल्या जागी नीट बसल्यामुळे, बारीक खेळ आला आणि एकदा थोडे कसावे लागले. त्यानंतर आजवर पाना लावलेला नाही.

घाटातल्या उतारावर ब्रेक दाबून वळताना गाडी आता जिथे वळवावी तिथेच वळते. तक्रारी दोन आहेत. संच बॉलच्या संचापेक्षा बराच महाग पडला, आणि अगदी हळू चालवताना हँडल पूर्वीच्या नव्या गाडीइतके हलके वाटत नाही. या संचालाही पाण्याचे वावडे आहेच, त्यामुळे धुलाईवाल्याला हँडलच्या खाली प्रेशरचा फवारा मारू देत नाही. तो दर वेळी माझ्याकडे संशयाने पाहतो.

मागच्या रविवारी चाक उचलून पाहिले. हलका धक्का देताच हँडल उजवीकडे आपोआप टोकापर्यंत गेले. डावीकडे जाताना शेवटी किंचित रेंगाळले. क्लचची केबल मोकळी केल्यावर तेही थांबले.